दिंडी घरी आल्यावर



आपला बीड जिल्हा पंढरीच्या वाटेवरचाच मुलूख. पैठणची नाथमहाराजांची पालखी रायमोहा-पाटोद्यावरून जाते, शेगावची गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून. आपले वाडवडील पंढरीला गेले ते पायांच्या आणि एकमेकांच्या बळावर. आज दिंडीमागे ट्रक असतो, टँकर असतो, स्वयंपाकाला गॅसची टाकी असते. त्यात दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसांची त्याने सोय झाली. पण एक प्रश्न मनाला विचारून पाहावा. उद्या हे तेल निम्मेच मिळाले, तर आपले गाव चालेल काय?

प्रश्न हवेतला नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी हात आखडता घेतला आणि काही महिन्यांतच भाव सुमारे चौपट झाला. २०२२ साली रशिया-युक्रेनचे युद्ध पेटले, तेव्हा तेलाबरोबर खतही महागले. कारण युरिया होतो तो नैसर्गिक वायूपासून. लढाई कुठेही होवो, झळ आपल्या बांधापर्यंत येतेच. बरे, तेल नसले तर वीज आहे म्हणावे, तर २०१५ साली परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. यंत्रे जागेवर होती, पाणी नव्हते.

टंचाई आली की ती आधी कोणाला गाठते? पैसेवाला चढ्या भावाने घेतो. कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणी अडते, ऊसतोडीला जाणाऱ्याचे भाडे वाढते, आणि घरची माउली पुन्हा धुरात चुलीपुढे बसते. शेजारी अडलेला असता आपण नुसते टाळ वाजवीत बसावे, हा वारकऱ्याचा धर्म नव्हे.

कोणी म्हणेल, "महाराज, पांडुरंग बघून घेईल की!" बरं का, पांडुरंग बघतोच. पण दिंडी निघण्याआधी आपण भिशी गोळा करतो ना? मुक्काम ठरवतो ना? शिधा मोजून घेतो ना? मग ती काय अश्रद्धा झाली? दिंडीत एक आजारी पडला तर त्याला वाटेत टाकून कोणी पुढे जात नाही. पंढरीच्या वाटेवर जमते, ते गावात का जमू नये?

येत्या एकादशीला कीर्तन आटोपल्यावर मंडळींनी देवळातच बसावे. गावाला महिन्याकाठी किती डिझेल, किती पेट्रोल, किती टाक्या लागतात, हे घरटी विचारून वहीत मांडावे. तेल कमी पडले तर आधी कशाला द्यायचे, तेही तेव्हाच ठरवावे: आजाऱ्याची गाडी, पिण्याचे पाणी, पेरणी, बाकीचे मागून. आठवडी बाजाराला दहा मोटारसायकली जातात, तिथे एक टेम्पो जावा आणि भाडे वाटून घ्यावे.

इर्जिक आणि सावड हे शब्द गावातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतात. बैलजोड्या आहेत तोवर ती रीत पुन्हा चालू करावी. बैल एकदा विकले की ते परत दावणीला येणे कठीण. ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत, त्याने गोबरगॅस बांधावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण लागते, त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. उरलेली रबडी शेतात गेली की युरियाची ओढही कमी होते. एकट्याचे शेण पुरत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून बांधावा. पण शेण चाऱ्यावर आणि चारा पाण्यावर. म्हणून पावसाआधी बांधबंदिस्तीला हात लागलेच पाहिजेत. ज्याच्या विहिरीवर सौर पंप आहे, त्याने शेजाऱ्यालाही पाण्याची पाळी द्यावी.

काल्याला आपण सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतो. कोणाची भाकरी, कोणाचे दही, हे मग ओळखू येत नाही. भरल्या घरात वाटणे सोपे असते; थोड्यातले थोडे वाटायची वेळ येते तेव्हा काल्याची खरी परीक्षा. ती वेळ येण्याआधी वही मांडा, आणि पहिले नाव गावातल्या सर्वांत अडलेल्या घराचे लिहा.

रामकृष्णहरि.