सेवा घेणाऱ्याचा धर्म



पुंडलिकरायाची कथा सांगताना कीर्तनकाराची नजर मंडपातल्या तरुणांवर असते. दारात परब्रह्म आले तरी त्याने आई-वडिलांचे पाय सोडले नाहीत, देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितले. मुलाचा धर्म कळला. पण ज्यांचे पाय तो चुरत होता, त्या म्हाताऱ्या जिवांचा धर्म कोणता? हा प्रश्न मला वृद्धाश्रमातल्या माळकऱ्यांनी विचारला.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात पैठण रस्त्याला मातोश्री वृद्धाश्रम आहे. राज्य शासनाने १९९५ साली या नावाने जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रम उभारण्याची योजना आणली. तोच रस्ता पुढे नाथांच्या पैठणाला जातो. अशी आणखीही ठिकाणे आता गावोगावी झाली आहेत. एकादशीला भजनी मंडळी तिथे जातात, म्हणून तिथला दिवस आपल्याला ठाऊक असतो. पहाटे झोप उडते. चहा होतो, मग गोळ्या. वर्तमानपत्र एक आणि वाचणारे दहा. बाराच्या आत जेवण. दुपार मात्र सरता सरत नाही. सांजेला हरिपाठ, आठच्या आत पुन्हा ताट. मध्येच कुणी वाढदिवसाचे अन्नदान करतो, आशीर्वाद घेतो, फोटो काढतो आणि जातो.

अन्न आहे, छप्पर आहे, औषध आहे. मग उणे काय? घरी सून विचारायची, ‘मामंजी, भाजी कोणती करू?’ नातू विचारायचा, ‘आबा, चप्पल कुठंय?’ इथे कुणी काही विचारत नाही. सेवा मिळते, पण सेवा करायला मिळत नाही. जन्मभर दिंडीत पाणी वाटलेल्या माणसाला हे उपासमारीपेक्षा जड जाते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदा झाला. मुलांनी दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च द्यावा, असा आदेश त्याखाली निघू शकतो. ज्याची अन्नान्नदशा झाली त्याने तो मागावा, त्यात लाज नाही. पण कायदा भाकरी देववील. शेजारी बसून ‘अजून अर्धी घ्या’ म्हणायला तो कुणाला पाठवणार?

काही मुले म्हणतात, ‘तिथं निवांत आहे, आता नामस्मरण करा.’ बाबांनो, वैराग्य ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याने लादले की तो नुसता वियोग होतो. जुन्या काळी वानप्रस्थी आपल्या पायांनी घर सोडी. त्याला गाडीत बसवून कुणी पोचवत नसे. तरीही प्रत्येक मुलाला दोषी धरू नये. दोन खोल्यांचे घर, दोघांची नोकरी, अंथरुणाला खिळलेले माणूस, हेही खरे असते. मुलगा भेटायला येतो का, आणि आला की घड्याळ न पाहता बसतो का, यावरून त्याची पारख करावी.

आता सेवा घेणाऱ्याचा धर्म. नाथांचे चिरंजीव हरिपंडित वडिलांवर रुसून काशीला गेले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मराठीत प्रवचन करू नये, परान्न घेऊ नये, या मुलाच्या अटी नाथांनी मान्य केल्या आणि त्याला घरी आणले. एवढा अधिकारी पुरुष, पण वाद घातला नाही. पुढे सहस्रभोजनाच्या प्रसंगी पानाखाली पान निघत गेले, तेव्हा मुलाचा अभिमान आपोआप गळाला. वडिलांनी प्रेम राखले होते, म्हणून मुलाला परतायला वाट उरली.

म्हणून माझे उत्तर असे: दुःख होऊ द्यावे, ते लपवू नये, पण शाप देऊ नये आणि वाट बंद करू नये. आणि सेवा नुसती घेऊ नये. ज्याला दिसते त्याने न दिसणाऱ्याला हरिपाठ वाचून दाखवावा. जिचे हात चालतात तिने मेथी निवडावी. शेजारच्या खाटेवरच्याला रात्री खोकला लागला तर उठून पाणी द्यावे. पुंडलिकपण वयावर ठरत नाही.

आणि वारकरी मंडळींनो, आषाढीला पताका खांद्यावर घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांची सोय लावा, त्यांना विचारा, मग निघा. वारीत अठरा दिवस आपण परक्या म्हाताऱ्याच्या पाया पडतो; घरच्याला तेवढे तरी मिळाले पाहिजे.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल.