विकत घेतलेला एकांत

गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांत आम्ही पेडणे तालुक्यातील मांद्रे गावी, समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये तीन दिवस राहून आलो. उत्तरेस हरमल आणि दक्षिणेस आश्वे-मोरजी यांच्यामधला हा किनारा. समुद्राला समांतर वाहणारा भरती-ओहोटीचा ओहोळ, त्यावर बांबूचे साकव आणि पलीकडे रुंद, मऊ वाळू. पहाटे योगासने, दिवसा ओहोळात होडी वल्हविणे, सायंकाळी पाण्याच्या कडेने लांबवर फिरणे आणि रात्री वाळूत मांडलेल्या मेजांवर जेवण, असा तेथला क्रम. माहितीपत्रकात 'संपूर्ण एकांत' असे शब्द होते, आणि खरे सांगायचे तर आम्ही पैसे मोजले ते त्या दोन शब्दांसाठीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक वृद्ध गृहस्थ खांद्यावर जाळे टाकून साकवाकडे निघाले होते. रखवालदाराने त्यांना फाटकाशी अडवले आणि बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून जाण्यास सांगितले. आपले वडीलही याच वाटेने समुद्रावर जात असत, एवढेच ते म्हणाले आणि मुकाट्याने परतले. रखवालदाराने आम्हाला पाहून सलाम केला व तेच फाटक आमच्यासाठी उघडले. आम्ही काही बोललो नाही. न्याहारीला उशीर होत होता.

ही घटना लहान आहे. परंतु तिने उभा केलेला प्रश्न लहान नाही: एकांत विकत घेता येतो काय?

आपल्या परंपरेने एकांताला मोठे स्थान दिले आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत निर्जन स्थळी राहण्याची आवड हेही एक लक्षण आहे. परंतु तेथे साधक स्वतः उठून एकांताकडे जातो. आपल्यासाठी इतरांना उठवत नाही. एकांत शोधणे आणि एकांत तयार करवून घेणे यांत हा भेद आहे. पहिल्यात मनुष्य आपल्या गरजा कमी करतो. दुसऱ्यात तो इतरांची वाट कमी करतो.

शिवाय तयार करवून घेतलेला एकांत निर्जन नसतोच. पहाटे कोणीतरी वाळू झाडलेली असते, कोणीतरी चादरी धुतलेल्या असतात, कोणीतरी विसवण साफ करून ठेवलेला असतो. तेथे माणसे असतात; ती आपल्याला दिसू नयेत अशी व्यवस्था केलेली असते, इतकेच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रात्री आम्हाला वाढणारा तरुण त्याच गावचा होता. ऑक्टोबर ते मे या हंगामातील पगारावर आपल्या बहिणीचे शिक्षण चालते, असे त्याने अभिमानाने सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये याच तालुक्यातील मोपा येथून विमाने उडू लागली, तेव्हापासून अशा नोकऱ्यांची आशा गावोगावी वाढली आहे. पर्यटक येऊच नयेत असे म्हणणे हे पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान होय. म्हणून प्रश्न यावे की न यावे हा नाही. येणाऱ्याने कोणत्या नात्याने यावे, हा आहे.

समुद्रकिनारा कोणाचा, याचे उत्तर फार जुने आहे. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या कायदेग्रंथाने हवा, वाहते पाणी, समुद्र व त्याचा किनारा या सर्वांच्या सामाईक वस्तू मानल्या. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलातील बियास नदीकाठच्या एका पर्यटक निवासाच्या खटल्यात याच विचाराचा आधार घेतला आणि शासन अशा संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे असे ठरवले. पुढे २००९ साली दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने लोकांचा किनाऱ्यावर जाण्याच्या वाटेचा हक्क उचलून धरला. परंतु न्यायालय फाटक उघडू शकते. ते बंद असावे ही ग्राहकाची इच्छा निकालाने नाहीशी होत नाही. ती इच्छा आमची होती. रखवालदार केवळ तिचा नोकर होता.

इमान्युएल कान्ट याने चिरंतन शांततेवरील १७९५ सालच्या निबंधात म्हटले आहे की पृथ्वी गोल असल्याने माणसे एकमेकांपासून अनंत दूर जाऊ शकत नाहीत; म्हणून परक्या भूमीवर आलेल्याला वैरी न मानले जाण्याचा हक्क आहे. मात्र हा भेटीचा हक्क आहे, ताब्याचा नव्हे. व्यापारासाठी दूरदेशी गेलेल्या युरोपीयांनी भेट आणि जिंकणे यांतील फरक पुसून टाकला, असा ठपका त्याने त्यांच्यावर ठेवला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली गेलेल्या पेडण्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे 'अतिथी' हा शब्द ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही त्याच्यासाठी योजला जातो. तो अवचित येतो, मिळेल ते खातो, ऋणी होऊन जातो. आगाऊ रक्कम भरून ठरल्या तारखेस येणारा मनुष्य आपण कोणाचे ऋणी नाही असे समजतो. किंबहुना ऋणमुक्तीचीच किंमत तो मोजत असतो. हा विचार आपल्यासारख्यांना अधिक जवळचा वाटावा. आपल्यापैकी बहुतेकांच्या वंशावळीच्या आरंभी मूळपुरुष अमुक गावाहून येथे आला, असे एक वाक्य असते. त्या पुरुषाला कोणीतरी वाट दाखवली, विहिरीचे पाणी दिले. पिढ्या लोटल्यावर आपण यजमान झालो आणि ते ऋण विसरलो.

शेवटच्या रात्री त्या तरुणाने सांगितले की या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री वर येते, वाळूत शंभराच्या आसपास अंडी पुरते आणि समुद्रात परत जाते. दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडलेली पिले उजळ क्षितिजाच्या रोखाने चालू लागतात. काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते. दिवे लागलेल्या किनाऱ्यावर ते भोजनगृहाचे असू शकते. आमच्या मेजावरच्या दिव्याने कोणाचेही वाईट चिंतले नव्हते. सुखाचा दोष बहुधा असाच असतो. तो हेतूत नसतो, न पाहण्यात असतो.

आम्ही दिवा मालवण्यास सांगितले. अंधारात भात आणि माशाची आमटी जेवलो. याने फार काही साधले असा आमचा दावा नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी आम्ही समुद्रावर गेलो ते फाटकातून नव्हे, बाहेरच्या रस्त्याने. त्या वळशाला वीस मिनिटे लागली. आमच्या खांद्यावर जाळे नव्हते. परतल्यावर व्यवस्थापकांना, आदल्या दिवशी सांगायला हवे होते ते सांगितले: गावकऱ्यांची वाट मोकळी ठेवली तर आमच्या विश्रांतीत काही उणे पडणार नाही. ते नवलाने आमच्याकडे पाहत राहिले. एखाद्या ग्राहकाने कमी एकांत मागण्याचा प्रसंग बहुधा त्यांच्यावर पूर्वी आला नसावा.