उसना देता येईल असा सिनेमा

विकत घेतलेला सिनेमा आपला झाला, हे कशावरून ठरवायचे? माझ्या मते कसोटी एकच. शेजारच्या घरी तो उसना देता आला पाहिजे. शहरात ही कसोटी सहसा कुणाला सुचत नाही. जव्हार तालुक्यातल्या दाभोशाचा विचार करू लागलो की मात्र ती टाळता येत नाही.

लेंडी नदीवरच्या धबधब्यामुळे दाभोसा पर्यटकांना ठाऊक आहे. पावसाळ्यात गाड्या येतात, जातात. इथल्या पाड्यांवरच्या माणसांचे वर्ष वेगळ्या गतीने चालते. दिवाळी उलटली की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. डोंगरांमुळे रेंजचा भरवसा नाही, आणि रिचार्ज हातात पैसे असतील तेव्हा. अशा घराने ऑनलाइन सिनेमा विकत घेतला असे धरा. खाते मोबाईल नंबरशी जोडलेले, ओटीपीही त्याच नंबरवर येणार. भट्टीच्या हंगामात रिचार्ज राहून गेला, नंबर बंद पडून पुढे दुसऱ्याला मिळाला, की पैसे मोजून घेतलेला सिनेमाही गेला. डाऊनलोड करून ठेवला तरी तो ॲपच्या आतच राहतो, आणि बहुतेक ॲपना अधूनमधून इंटरनेट लागतेच. पाड्यावरच्या दुसऱ्या फोनवर तर तो जातच नाही.

आता तबकडीचा काळ आठवा. मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणली, तेव्हा मूळ प्रत प्रथमच मजुराच्या आवाक्यात आली. व्हीसीडीचे चित्र सुमार असे. एका तबकडीवर जेमतेम 74 मिनिटे मावत, म्हणून एका सिनेमाला दोन-तीन तबकड्या लागत आणि ऐन रंगात आला की उठून पुढची घालावी लागे. पण ज्या पाड्यावर एका घरी टीव्ही आणि प्लेअर असे, तिथे एका घराची खरेदी साऱ्या पाड्याची होई. तबकडी मागून नेता येई, मामाच्या गावाला पाठवता येई, परत आली नाही तर त्यावरून भांडताही येई. 2018 मध्ये मोझर बेअर कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. तिने विकलेल्या तबकड्या मात्र आजही चालतात. तेच सिनेमे कंपनीच्या सर्व्हरवर असते, तर कंपनीबरोबर तेही संपले असते.

तबकडी अमर आहे असे मी म्हणत नाही. जव्हारच्या पावसात कपाटातल्या चामड्याला बुरशी येते, तबकडीलाही येते. ओरखडे पडतात, आणि आता प्लेअर मिळणेच कठीण झाले आहे. तरीही प्रती शंभर घरांत विखुरलेल्या असल्या की एखादी कुठेतरी तगते. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ 1931 चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. प्रती थोड्या आणि एका हातात राहिल्या की असा धोका असतोच.

तबकडीनंतर गावोगावच्या मोबाईल दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले. त्यातले बरेचसे सिनेमे चोरीचे होते, आणि त्याने निर्मात्यांचे नुकसान झाले, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. पण गिऱ्हाईक काय मागत होते, तेही पाहायला हवे होते. रेंजशिवाय चालणारी आणि दुसऱ्याला देता येणारी फाईल त्याला हवी होती. तशी फाईल रास्त दरात विकायला फारसे कुणी पुढे आले नाही.

आपला कायदा या बाबतीत पुष्कळ उदार आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. नफा न कमावणारे ग्रंथालय किंवा शिक्षणसंस्था कायदेशीर मार्गाने घेतलेली सिनेमाची प्रत नफ्याच्या हेतूविना उसनी देत असेल, तर ते ‘व्यावसायिक भाडे’ ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे वाचनालय सिनेमा घरी देऊ शकते, आश्रमशाळा देऊ शकते. पण द्यायला हाती प्रत हवी. बाजारात प्रतच उरली नाही तर हा हक्क कागदावर राहतो, आणि आज नेमके तेच होत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2025 पासून विक्रेत्यांवर बंधन घातले, की ग्राहकाला मालकी न मिळता केवळ परवाना मिळतो हे विकतानाच स्पष्ट सांगावे. कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय पाहता येणारी फाईल त्यांनी या बंधनातून वगळली. भेद कुठे आहे, हे तिथल्या कायद्याने ओळखले. आपल्याकडेही अशी सक्ती हवी.

मराठी निर्मात्यांना माझी विनंती आहे. थिएटरचा आणि ओटीटीचा हिशेब आटोपला की सिनेमा कुलूप नसलेल्या फाईलच्या रूपात, पेन ड्राइव्हवर, रास्त किमतीत विका, आणि वाचनालयांना आधी द्या. जव्हार-मोखाड्यातल्या वाचनालयांनी आणि आश्रमशाळांनी त्यासाठी थांबायचेही कारण नाही. भारतात सिनेमाचा कॉपीराइट 60 वर्षांचा आहे. 1953 चा ‘श्यामची आई’ 2014 पासून त्यातून मुक्त झाला आहे. चांगली प्रत मिळवा आणि पोरांना घरी न्यायला द्या.