ड्रमच्या आतली धूळ



प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. पण ती गाडी हौसेने सांभाळणारे अजून आहेत. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम काढल्याशिवाय आतले काहीच दिसत नाही. व्हील सिलिंडर गळून लायनर ब्रेक ऑइलने भिजला, तर तो बदलावाच लागतो, कारण लायनर तेल शोषून घेतो. पॉलिश पेपर मारून तोच परत बसवला, तरी मालकाला पत्ता लागत नाही. कळते ते घाट उतरताना. कधी रस्ता ओलांडणाऱ्या तिऱ्हाइताला.

कांट या तत्त्वज्ञाने १७८५ साली दुकानदाराचे उदाहरण दिले: धंदा टिकावा म्हणून योग्य भाव लावणे म्हणजे कर्तव्यबुद्धी नव्हे. पण दुकानदाराचा भाव निदान शेजारी ताडून पाहता येतो. ड्रमच्या आत कोण डोकावणार?

मला मात्र त्याहून बोचते ती धूळ. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे. ड्रम उघडला की हाताखालचा पोरगा हवा मारतो, दोन मिनिटांत काम साफ. ही धूळ छातीत गेली, तर आजार दिसायला वीस-तीस वर्षेही लागतात. तोवर मालक कुठे, गाडी कुठे! ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकायला वेळ लागतो. तो कोणी द्यायचा? मेस्त्रीने, असे आपण चटकन म्हणतो. मी मालकालाही धरीन. ‘संध्याकाळपर्यंत गाडी हवी’ हा तगादा त्याचाच असतो.