चापड्याची जागा

पुण्यातल्या एका रुग्णालयात एक सिस्टर होती. अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेली, बोलायला मोजकी, चौकशीला पक्की. एका आषाढात तिने ठरवलं की भर पावसातलं सदाहरित जंगल बघायचं, आणि एकटीने बघायचं. भावाने विचारलं, "सोबत कोण?" ती म्हणाली, "माझी रजा कुणाच्या रजेशी जुळेपर्यंत पावसाळा संपेल."

ठिकाण तिने आंबोली निवडलं. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर घाट चढला की सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे ७०० मीटर उंचीवर हे गाव लागतं. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. अंजन, जांभूळ, हिरड्याची दाट झाडी, खोडाखोडावर शेवाळ आणि आमरी. गाव ठरवणं सोपं होतं. राहायचं कुठे, हे अवघड. जो तो आपली जागा जंगलाच्या कुशीतली, निसर्ग जपणारी म्हणून सांगत होता आणि सगळ्यांच्या फोटोत तेच धुकं होतं.

सिस्टरने फोटो बाजूला ठेवले आणि फोन लावले. तिचे प्रश्न ठरलेले होते. सांडपाणी कुठे जातं? रात्री बाहेरचे दिवे कधी बंद करता? साप दाखवता का? आणि स्वतःसाठी म्हणून आणखी एक: खोलीला आतून कडी आहे का, घरात बाईमाणूस कोण असतं?

पहिल्या ठिकाणी सगळ्याला होकार होता. "मॅडम, सगळं मिळेल. पोहायचा तलाव आहे, रेन डान्स आहे, रात्रभर दिवे लख्ख असतात, घाबरायचं काही कारणच नाही. साप शंभर टक्के दाखवतो, बेडूक तुमच्या तळहातावर ठेवून फोटो काढून देतो." दुसऱ्या ठिकाणी भाडं निम्मं होतं. सांडपाण्याचं विचारल्यावर तिकडचा माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला, "खाली ओढा आहे ना."

हा ओढा कुठे जातो ते सिस्टर वाचून होती. हिरण्यकेशी नदीला. ती आंबोलीतच उगम पावते. उगमाजवळच्या महादेवाच्या मंदिराच्या कुंडात एक लहानसा मासा सापडला, २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि नदीवरूनच त्याचं नाव ठेवलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. अशा गावात साबणाचं पाणी ओढ्यात सोडणाऱ्याने दारावर कितीही हिरवी पाटी लावली, तरी मला ते घर जंगलाचं वाटत नाही. सिस्टरलाही वाटलं नाही.

तिसरा फोन एका म्हाताऱ्या काकींनी उचलला. सांडपाणी परसातल्या केळी-अळवाला जातं म्हणाल्या. दिवे साडेनऊला बंद, कारण दिव्यावर पाखरं येऊन मरतात. साप? "दिसलो तर दिसलो. हात लावूक मिळाचो नाय." कडी आहे, आणि घरात त्या स्वतः, सून आणि मुलगा. मग उलट त्यांनीच विचारायला सुरुवात केली. एकटाच येतलंस गो बाय? गोळ्या कसल्या चालू आहेत? घरचा नंबर कोणाचा लिहून ठेवू? गमबुटाचं माप किती? शेवटी म्हणाल्या, "काळोख पडाच्या आधी पोच. धुक्यात वाट गावाची नाय."

भाडं दुसऱ्या जागेपेक्षा जास्त होतं. सिस्टरने एक रुपया कमी करून मागितला नाही. भाऊ चिडला. त्या मोठ्या ठिकाणी कॅमेरे आहेत, पहारेकरी आहे, आणि हिला न्हाणीघर बाहेर असलेली खोली हवी! सिस्टरचं म्हणणं एवढंच होतं की पहिल्या दोघांनी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

ती एसटीतून उतरली तेव्हा दुपारचे चार वाजले होते, पण हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. काकींचा मुलगा छत्री घेऊन थांबला होता. खोली साधी होती. पत्र्यावर पाऊस असा वाजे की बोललेलं ऐकू येईना. गोठ्यावरचा एक पत्रा गळत होता आणि त्याखाली बादली ठेवलेली होती. भिंतीवर खडूने तीन नंबर लिहिले होते: सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय, शेजारचा जीपवाला, आणि खाली काकींच्या हाताने, आदल्या दिवशी लिहिलेला, सिस्टरच्या भावाचा. जेवायला उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि टाकळ्याची भाजी.

तिचं जेवण झाल्यावर मुलगा तिला वाटेच्या कडेने घेऊन गेला. जाण्याआधी त्याने तिला हात नुसत्या पाण्याने धुवायला लावले. डास पळवायचं मलम हाताला असेल तर पुसून टाका म्हणाला. बेडूक कातडीनेही श्वास घेतो, चुकून पानाला हात लागला तरी ते त्याला बाधतं. सड्यावर तर त्याने तिला उथळ डबक्यांच्या बाजूने वळसा घालून नेलं. अशाच डबक्यांत आंबोली टोड अंडी घालतो. २००९ साली शास्त्राला माहीत झालेला हा भेक आंबोली परिसर सोडून कुठे सापडत नाही, आणि लोक त्या डबक्यांतून बूट घालून जातात, गाड्या घालतात.

एका करवंदीच्या जाळीपाशी मुलगा थांबला. विजेरीचा मंद उजेड त्याने फांदीच्या खाली धरला. मलबारी चापडा. हिरवा, अंगावर तपकिरी नक्षी, फांदीला वेटोळं घालून निश्चल. "मंगळवारपासून हयच आसा," तो हळू आवाजात म्हणाला. चापडा भक्ष्याच्या मागे धावत नाही. एक जागा धरतो आणि बेडूक-पाल जवळ यायची वाट बघत दिवसचे दिवस बसतो. ती जागा म्हणजेच त्याचं पोट.

तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. चार-पाच जण उतरले, मोठमोठे कॅमेरे गळ्यात. साप उंचावर होता, मागे काट्यांची जाळी, फोटो नीट येईना. एकाने मुलाला सांगितलं, काठीने जरा या खालच्या फांदीवर घे. मुलगा म्हणाला, "नाही साहेब. तो तिथंच राहू दे." पाचशे देतो. नाही. हजार देतो. मुलगा मान खाली घालून उभा राहिला, पण नाहीच म्हणाला.

सिस्टर मध्ये पडली नाही. तिच्या डोक्यात दुसराच हिशोब चालला होता. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनते. चापड्याचं विष त्यात नाही. त्या माणसाला हे माहीत नव्हतं आणि मुलाला बहुधा माहीत होतं.

जीप पुढे निघून गेली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं की त्यांना पुढे दुसरा वाटाड्या मिळाला. त्याने दुसरा चापडा उचलून हव्या त्या फांदीवर ठेवला. फोटो छान आले. कुणाला काही झालं नाही. तो साप मात्र त्या जागी पुन्हा कुणाला दिसला नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मुलाने आईला सगळं सांगितलं. काकींनी एकदा गोठ्याच्या पत्र्याकडे पाहिलं. हजार रुपयांत तो पत्रा आला असता. मग म्हणाल्या, "गेले ते गेले. चापडो जाग्यार आसा मा?"

"आसा."

"मगे जेव."

सकाळी गावात नेटवर्क मिळालं तेव्हा भावाचा पहिला प्रश्न होता, रात्री भीती नाही ना वाटली? सिस्टर म्हणाली, "जो मुलगा काळोखात, कुणी विचारणारं नसताना, हजार रुपयांसाठी सापाची जागा हलवत नाही, त्याच्या घरात मी निर्धास्त झोपले. तुझ्या कॅमेऱ्यांनी मला तेवढी झोप लागली नसती." भाऊ यावर काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने बायको-मुलांसाठी तोच नंबर मागून घेतला.

तुम्ही आंबोलीला, चोर्ल्याला किंवा कर्नाटकातल्या आगुंब्याला एकटे निघणार असाल, तर फोनवर खोलीचे फोटो नंतर मागा. आधी विचारा, सांडपाणी कुठे जातं, दिवे कधी मालवता, आणि पाहुण्याने पैसे दिले तरी काय करत नाही. समोरून नकार ऐकू आला आणि उलट तुमचीच चौकशी झाली, तर तिथेच राहा. सांगितलेलं भाडं पूर्ण द्या. अशा घरांचं उत्पन्न नकारापायी रोज थोडं थोडं बुडत असतं, आणि ते भरून काढणारं पाहुण्याशिवाय दुसरं कुणी नाही.