वाऱ्यावर फोडलेलं खापर

मुंबईच्या हवेचा विषय निघाला की हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: शहराचं काही चुकलेलं नाही, वारा पडलाय. त्याला शास्त्राचा आधारही दाखवला जातो. 2022-23 च्या हिवाळ्यात मुंबईचं नाव दिल्लीच्या जोडीने घेतलं जाऊ लागलं, तेव्हा हवा-शास्त्रज्ञ गुफरान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध सलग तिसऱ्या वर्षी मुक्काम ठोकलेल्या ‘ला निना’ या हवामान-स्थितीशी जोडला. वाऱ्यांची चाल बदलली, उत्तरेची हवा थोडी सुधारली, दक्षिणेकडची बिघडली. अभ्यास मोलाचा आहे. पण त्यातून निघतं ते इतकंच, की त्या वर्षी वाऱ्याने धूळ वाहून नेली नाही. धूळ वाऱ्याने केली, असा त्याचा अर्थ लावणं ही वकिली झाली. चार महिने पाऊस हवा धुतो, एरवी दुपारचा समुद्रवारा ती झाडतो. या फुकटच्या झाडूवाल्याच्या भरवशावर आपण उपनगरं वाढवली आणि एका हिवाळ्यात त्याने खाडा केला तर कचऱ्याचा ठपकाही त्याच्यावरच ठेवून मोकळे झालो.

मग धूळ येते कुठून? 30 डिसेंबर 2024 रोजी महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा इथली सगळी बांधकामं थांबवली, कारण तिथला हवा निर्देशांक 200 च्या वर गेला होता. बोरिवली पूर्व म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं दार. 104 चौरस किलोमीटरचं जंगल उशाशी असताना ही अवस्था, तर ‘झाडं लावली की झालं’ म्हणणाऱ्यांनी एकदा नकाशा उघडावा. बरं, 200 या आकड्याचीही गंमत आहे. केंद्राच्या तक्त्यानुसार 200 निर्देशांक म्हणजे हवेत पीएम10 धुळीचं प्रमाण घनमीटरला 250 मायक्रोग्रॅम. आपलंच चोवीस तासांचं मानक 100 आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं 45. म्हणजे मानकाच्या अडीचपट होईपर्यंत कोणी हलायचं नाही, असा हा नियम. आणि ती बंदीसुद्धा काही दिवसांतच उठली. लगेचच्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. बेकरीचा धूर निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. भट्टीत जुन्या फर्निचरचं रंग-वार्निश लागलेलं भंगार लाकूड जळतं आणि ठेंगण्या धुराड्यातून थेट शेजारच्या खिडकीत जातं. मुद्दा वेगळा आहे. पाववाल्याला धंद्याची रीतच कायमची बदलायला सांगितली गेली. बांधकामाला चार दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं गेलं.

नियम नाहीत असंही नाही. 2023 च्या ऑक्टोबरात पालिकेने ते काढले: सत्तर मीटरहून उंच इमारतीभोवती 35 फुटी पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, डंपरवर ताडपत्री, गेटवर चाकं धुणं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात चाकं धुतलेलं पाणी गेटमधून रस्त्यावर येतं, दुपारपर्यंत तो चिखल वाळतो आणि पुढचा डंपर त्याची पूड करून मागच्या रिक्षावाल्याच्या तोंडावर उडवतो. नियम पाळला गेला, धूळ फक्त कुंपणाबाहेर गेली.

इथे विकासवादी मंडळी अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसला पुढे करतात, आणि तो टाळण्यासारखा माणूस नव्हेच. 1960 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने लंडनमधला एक जुना खटला घेतला. एक हलवाई वर्षानुवर्षं खलबत्ता कुटत होता. शेजारी आलेल्या डॉक्टरने काही वर्षांनी त्याच भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. 1879 मध्ये निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. कोस म्हणतो, हलवाई डॉक्टरला त्रास देतो हे खरं. पण त्याला थांबवलं तर डॉक्टर हलवायाला त्रास देतो, हेही तितकंच खरं. नुकसान दुतर्फा असतं. घासाघीस फुकटात होत असेल तर दोघं आपसात सौदा करतील. हा विचार उपनगरांना लावला की बिल्डरला खलनायक ठरवणारी सोपी गोष्ट कोसळते. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये उडणाऱ्या धुळीतली बरीच आपल्याच सोसायट्यांच्या पुनर्विकासाची आहे. धूळ खाणारा आणि वाढीव कार्पेट एरिया घेणारा अनेकदा एकच असतो. सौदा झालेला आहे, आणि तो सभासदांच्या सहीने झालेला आहे.

पण म्हणूनच कोसचं दुसरं म्हणणं महत्त्वाचं, जे त्याचे भक्त सोयीने गाळतात: घासाघीस कधीच फुकटात होत नाही, हे तो स्वतःच सांगतो. लंडनच्या भांडणात दोनच माणसं होती. इथे सभासद भाड्याच्या घरात निघून जातात. धूळ वाट्याला येते ती पलीकडच्या इमारतीच्या, वॉचमनच्या, नाक्यावरच्या मजुराच्या आणि पालिका शाळेतल्या मुलांच्या. त्यांना सौद्याच्या टेबलावर खुर्ची नाही. धूळ रोखण्याचा खर्च टाकला तर घरं महागतील, हा आक्षेपही इथेच गळतो. तो खर्च आजही होतोच आहे, फक्त तो औषधाच्या दुकानात होतो आणि भलताच माणूस करतो.

म्हणून दंडाच्या पावत्यांपेक्षा आगाऊ अनामत बरी. काम सुरू होण्यापूर्वी बिल्डरने वॉर्ड ऑफिसात रक्कम ठेवावी, गेटवरच्या धूळ मोजणाऱ्या यंत्राची नोंद रस्त्यावरून वाचता यावी, आणि मर्यादा ओलांडली की कपात व्हावी. पालिका हे करेल तेव्हा करेल. तुमच्या सोसायटीचा विकास करार अजून व्हायचा असेल, तर कॉर्पस, भाडं आणि पार्किंगच्या कलमांच्या शेजारी धुळीचं एक कलम आणि त्यामागे बँक गॅरंटी मागा. ते मागायला कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही. सर्वसाधारण सभेत हात वर करावा लागतो, एवढंच.