शिस्त, अवहेलना आणि ‘स्व’ची घडण

माणसाचा ‘मी’ जन्मतः सिद्ध असतो की बालपणीच्या संस्कारांतून आणि हालअपेष्टांतून घडत जातो, या प्रश्नाला बौद्ध दर्शनाचे उत्तर असे की नित्य, अविकारी आत्मा नाहीच. कारणे जुळली की कार्य उद्भवते आणि ती सरली की ते लोपते, या ‘प्रतीत्यसमुत्पाद’ नामक तत्त्वानुसार व्यक्तित्व हाही एक अखंड प्रवाह होय. मात्र कारणांनी घडलेला माणूस त्याच कारणांविरुद्ध उभा कसा राहतो, हा पुढचा प्रश्न अधिक बिकट आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण त्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे.

सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक राहिलेले त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते, म्हणजे मूर्तिपूजा न मानणाऱ्या पंथाचे होते. तरी मुलांसाठी ते गणपती बसवीत, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी दोघा मुलांना बहिणींसमोर व जमलेल्या श्रोत्यांसमोर रामायण-महाभारताचा काही भाग वाचावयास लावीत. ज्या ग्रंथांत शूद्रांची हेटाळणी आहे ते वाचावयाचे कशाला, असे भीमरावांनी विचारले तेव्हा वडिलांनी सांगितले की अस्पृश्य म्हणून मनात न्यूनगंड शिरू नये यासाठी कर्ण, द्रोण, वाल्मीकी यांची चरित्रे उपयोगी पडतात. मुलाचे समाधान झाले नाही. त्याने कृष्णाच्या कपटावर बोट ठेवले, वालीच्या वधाचा आणि सीतेच्या छळाचा जाब विचारला, त्यावर वडील निरुत्तर राहिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी 1956 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही हकीकत नोंदवली आहे. त्यात वडिलांच्या त्या मौनाला मोठे मोल आहे, कारण प्रश्नाचे उत्तर देता आले नाही तरी प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करावयाचे नाही, एवढी मोकळीक त्या कडक घरात होती. नित्य वाचनाने मुलाच्या हाती ग्रंथ तपासण्याची सवय दिली आणि त्या सवयीनेच पुढे ग्रंथांचे प्रामाण्य नाकारले; त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे.

हालअपेष्टांचा विचार मात्र दोन अंगांनी करावा लागतो. आईचा अकाली मृत्यू, परळच्या चाळीतील एकच खोली, पुस्तकांसाठी विवाहित मुलींचे दागिने गहाण टाकणारे आणि पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवणारे वडील, ही ओढग्रस्ती घराच्या मायेने वाटून घेतलेली होती, त्यामुळे ती पोळली तरी माणूस म्हणून उणे करीत नव्हती. साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावा लागणे, नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नसल्याने शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहणे, न्हावी केस कापावयास तयार नसल्याने थोरल्या बहिणीने ते कापणे, हे निराळे होते; येथे बाहेरचा समाज मुलाला तो कोण आहे हे सांगत होता आणि ती व्याख्या घरातील कोणत्याही शिस्तीला पुसता येण्यासारखी नव्हती. शिस्तीने एवढेच केले की त्या व्याख्येला आव्हान देण्याइतके बळ आत साठू दिले.

म्हणूनच दुःखातूनच थोरवी जन्मते, हे चरित्रकारांचे आवडते विधान स्वीकारणे अन्यायाचे ठरेल. घर तेच, वडील तेच आणि अस्पृश्यताही तीच असताना थोरले बंधू आनंदराव यांना मात्र शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली, कारण दोघांच्या शिक्षणाचा भार घराला पेलवणारा नव्हता. भीमरावांना पुस्तके मिळाली, 1907 साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, पुढे बडोद्याची शिष्यवृत्ती लाभली. ही कारणे जुळली नसती तर तोच बुद्धिमान मुलगा नोंद न होता विरून गेला असता, आणि त्या काळच्या असंख्य मुलांचे तसेच झाले.